मागच्या चाकाची पंक्चरं : एक प्रकरण, दोन कारणं

एकाच सायकलचं एकच चाक दोन महिन्यांत चार वेळा बसलं. पुढचं चाक त्याच रस्त्यांवरून गेलं, त्याला काहीही झालं नाही. चार ट्यूब बदलून झाल्या, नवा टायर घेऊन झाला, सोबतच्या प्रत्येकाचा सल्ला ऐकून झाला. अखेर सापडली ती दोन वेगवेगळी कारणं. एक टायरमध्ये होतं, दुसरं रिमवर. पहिल्यावर जो उपाय केला त्यातूनच दुसरं उभं राहिलं, आणि म्हणून सगळ्यांना ते एकच दुखणं वाटत राहिलं.

हौशी सायकलस्वारांत पंक्चरची चर्चा नेहमी "कुठला टायर घेऊ?" इथून सुरू होते. माझं ठाम मत आहे की ती फुटलेल्या ट्यूबपासून सुरू व्हायला हवी. भोक कुठे आहे, कुठल्या बाजूला आहे, कसं आहे, एवढं नीट बघितलं तर बहुतेक वेळा खर्चाची वेळच येत नाही. या प्रकरणात ते अगदी उघड दिसलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सायकल आणि स्वार

ताई पन्नाशीला आलेल्या. आमच्या गटातले सगळेच त्यांना ताई म्हणतात. वजन 62 किलो. आठवड्यात दोनेक सकाळी छोटी फेरी आणि सुट्टीच्या दिवशी 70-80 किलोमीटर, असा त्यांचा नेम. सायकल अॅल्युमिनियमची, रिम ब्रेकची, काही वर्षं वापरलेली पण नीट राखलेली. चाकं 700सी मापाची, टायर 25 मिलिमीटर रुंदीचे. टायरच्या कडेवर 25-622 असं छापलेलं असतं, त्यातला 622 म्हणजे रिमवर जिथे टायरची कड बसते तिथला व्यास मिलिमीटरमध्ये.

एक तपशील तेव्हा कुणाच्या लक्षात आला नव्हता. आदल्या वर्षी चाकं बदलली होती. जुन्या रिम अरुंद होत्या, नव्या आतून 19 मिलिमीटर रुंद. चाकं बदलताना रिमच्या आतली प्लास्टिकची पट्टी मात्र जुन्याच चाकांची काढून नव्यांवर चढवली गेली. ही पट्टी आरे ज्या भोकांतून बसवतात ती भोकं झाकते. दिसायला क्षुल्लक वस्तू. टायर चढला की ती पुन्हा नजरेला पडत नाही.

पहिली दोन पंक्चरं

पहिलं पंक्चर झालं ते पावसाच्या दुसऱ्या दिवशी. रस्ते ओले होते. ओल्या रस्त्यावर पंक्चरं जास्त होतात हा अनुभव प्रत्येकाचा आहे आणि त्याला कारणही आहे: पाण्यामुळे रबर निसरडं होतं, मग काच किंवा तार त्यात सहज शिरते. शिवाय पाऊस सगळा कचरा रस्त्याच्या कडेला आणून टाकतो आणि आपण कडेनंच चालवतो.

हवा एकदम गेली नाही. वीसेक मिनिटं चाक जड वाटत राहिलं, वळणावर मागचा भाग हलल्यासारखा झाला, तेव्हा ताई थांबल्या. ट्यूब बदलली. टायरच्या आतून बोट फिरवून पाहिलं, काही लागलं नाही. हवा भरून घरी आल्या.

पुढच्या सुट्टीच्या फेरीत तेच. तसंच हळूहळू, तसंच मागचं चाक. पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा काही नाही. आता ट्यूबच्या दर्जावर संशय आला.

तिथून सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एक म्हणाला, टायर पातळ आहे, पंक्चर-रोधक थर असलेला घ्या. दुसरा म्हणाला, ट्यूबलेस करून टाका, एकदाच कटकट मिटेल. तिसऱ्याचं म्हणणं, हवा कमी भरता म्हणून होतं. सगळे मनापासून बोलत होते आणि प्रत्येकाचा उपाय त्याच्या स्वतःच्या चाकावर लागूही पडला होता. फक्त ताईंच्या ट्यूबमधलं भोक कुणी पाहिलं नव्हतं.

ताईंनी जाड टायर घेतला. त्याच्या पृष्ठभागाखाली पंक्चर अडवणारा घट्ट थर होता. चढवताना फार कस लागला. अंगठ्यांनी शेवटचा भाग आत जाईना, म्हणून लिव्हर (टायर काढाय-चढवायचा चपटा दांडा) घालून दाबून बसवला. आणि जाड टायरला जास्त हवा लागते असं कुणीतरी सांगितल्यामुळे आधी 90 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरत होत्या, ते 115 वर गेलं. टायरच्या कडेवर कमाल 120 छापलेलं होतं, त्यामुळे त्यात काही गैर वाटलं नाही.

तिसरं आणि चौथं

नव्या टायरवर काही फेऱ्या सुखानं झाल्या. मग एका सकाळी सायकल बाहेर काढताना मागचं चाक जमिनीला टेकलेलं. आदल्या संध्याकाळी हवा भरून ठेवलेली होती, सायकल जागेवरून हललीही नव्हती. नवी ट्यूब घातली. आठवड्याभरात पुन्हा तसंच, रात्रीतून.

"टायर तर नवा घातला रे, आता काय राहिलं?" असं त्या मला म्हणाल्या तेव्हा आवाजात त्रागा नव्हता, थकवा होता. त्यांनी लांबच्या फेऱ्या सोडल्याच होत्या. घरापासून चालत परत येता येईल एवढ्याच अंतरात फिरायच्या. गटाबरोबर यायचं टाळायच्या, कारण आपल्यामुळे सगळे रस्त्यात खोळंबतात. पंक्चरचं खरं नुकसान ट्यूबच्या किमतीत मोजता येत नाही. माणसाचा सायकलवरचा भरवसा जातो, आणि तो परत यायला फार वेळ लागतो. हे प्रकरण हातात घेण्याचं माझं कारण तेच होतं.

सुदैवानं ताईंना वस्तू टाकवत नाहीत. चारही ट्यूब एका पिशवीत होत्या आणि जुना टायर खुंटीला टांगलेला होता.

ट्यूब वाचणं

ट्यूबमध्ये तिच्या नेहमीच्या जाडीच्या दुप्पट फुगेल इतकी हवा भरायची आणि ती पाण्यात धरायची. बारीक भोक कमी हवेत दिसत नाही, रबर ताणलं की बुडबुडे येतात. भोक सापडलं की तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, बाजू. ट्यूबच्या ज्या बाजूला व्हॉल्व असतो ती रिमकडची, आतली बाजू. तिच्या समोरची ती रस्त्याकडची. भोक रस्त्याच्या बाजूला असेल तर बाहेरून काहीतरी टायरमधून आत आलं आहे. रिमच्या बाजूला असेल तर रस्त्याचा काही संबंध नाही, चाकाच्या आतच शोधायचं.

दुसरी, आकार. टोचल्यासारखं एकच भोक म्हणजे काटा, काच, तार. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील तर त्याला स्नेकबाइट म्हणतात. खड्ड्यावर हवा कमी पडली आणि ट्यूब टायर आणि रिम यांच्यामध्ये चिमटली गेली. व्हॉल्वच्या मुळाशी फाटलं असेल तर पंप लावताना व्हॉल्व वाकवला जातोय, किंवा रिमच्या व्हॉल्वच्या भोकाची कड धारदार आहे.

तिसरी, व्हॉल्वपासूनचं अंतर. हीच गोष्ट लोक सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती तिच्यातच असते.

ताईंच्या पहिल्या दोन ट्यूबमध्ये भोक रस्त्याच्या बाजूला होतं. दोन्ही भोकं इतकी बारीक की पाण्यातून काढल्यावर डोळ्यांना दिसेनात, पेनानं गोल करून ठेवावं लागलं. व्हॉल्वपासून अंतर मोजलं. पहिल्यात 41 सेंटिमीटर, दुसऱ्यात जेमतेम 1 सेंटिमीटरचा फरक. 25 मिलिमीटर टायरच्या चाकाचा घेर सुमारे 2.1 मीटर असतो. एवढ्या घेरात दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या ट्यूबना, दोन वेगळ्या काचा बरोबर त्याच जागी लागतील हे मानायला मी तयार नव्हतो. रस्त्यात ट्यूब बदलताना आपण टायरची एकच कड बाहेर काढतो, दुसरी रिममध्येच राहते. त्यामुळे टायर फिरत नाही, तो व्हॉल्वच्या तुलनेत जागच्या जागी असतो. म्हणजे जे काही टोचत होतं ते पहिल्या पंक्चरनंतरही टायरमध्येच बसलेलं होतं.

आता जुना टायर. तो काढताना व्हॉल्व कुठे होता याची खूण असेल तर शोध सोपा. म्हणूनच टायर चढवताना त्यावरचं नाव व्हॉल्वच्या बरोबर समोर ठेवायची पद्धत आहे. ती दिसायला छान म्हणून नाही, खूण म्हणून आहे. ताईंच्या टायरवर योगायोगानं तसंच होतं, सायकलच्या जुन्या फोटोत दिसलं. ट्यूब कुठल्या अंगानं घातली होती ते मात्र ठाऊक नव्हतं, म्हणून नावापासून डावीकडे 41 आणि उजवीकडे 41 अशा दोन जागा खडूनं आखल्या. अख्ख्या टायरऐवजी दोन बोटांएवढ्या दोन जागा तपासायच्या राहिल्या.

डावीकडची जागा स्वच्छ निघाली. उजवीकडे आतून कापूस फिरवला, अडकला नाही. बाहेरून एक काळा ठिपका, असे ठिपके टायरभर होते. मग टायर त्या जागी उलटा वाकवला, आतली बाजू बाहेर येईल असा, आणि दोन्ही अंगठ्यांनी मागून दाबला. तेव्हा एक चकाकी दिसली. दाब सोडला की नाहीशी, दाबला की पुन्हा. चिमट्यानं धरून ओढली तर 5 मिलिमीटरची पोलादी तार बाहेर आली.

ट्रकच्या रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचा पट्टा असतो. टायर फुटला की त्याचे तुकडे रस्त्याच्या कडेला विखुरतात आणि त्या तारा सुट्या होतात. सायकलच्या टायरमध्ये अशी तार शिरली की ती रबराच्या जाडीत लपून राहते. चाक रिकामं असताना टोक आत दिसत नाही, म्हणून ताईंच्या बोटाला काही लागलं नव्हतं. वजन पडून टायर जमिनीशी चपटा झाला, की त्या क्षणापुरतं टोक ट्यूबला स्पर्श करतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. म्हणून हवा एकदम न जाता सावकाश जात होती. बोट फिरवणं हा तपास काचेसाठी पुरतो, तारेसाठी पुरत नाही. शिवाय बोट कापायची भीती असते ती वेगळीच. त्यापेक्षा कापूस किंवा चिंधी बरी, आणि संशयाच्या जागी टायर वाकवून बघायलाच हवा.

रिमच्या बाजूची भोकं

तिसऱ्या आणि चौथ्या ट्यूबमध्ये भोक रिमच्या बाजूला होतं. इथेच नव्या टायरची सुटका झाली, कारण टायरचा त्या बाजूशी संबंधच येत नाही.

या ट्यूब उजेडात धरल्या तेव्हा आणखी काही दिसलं. आतल्या बाजूला ठरावीक अंतरावर गोल फुगवटे उमटले होते, ओळीनं. अंतर मोजलं तर रिमवरच्या दोन आऱ्यांच्या भोकांमधल्या अंतराशी जुळलं. म्हणजे हवेच्या दाबानं ट्यूब आऱ्यांच्या भोकांत घुसत होती. काही फुगवट्यांच्या एका कडेला रबर घासून पातळ झालं होतं आणि त्यातल्याच एका कडेवर ट्यूब फाटली होती. चौथ्या ट्यूबमध्ये दुसऱ्या एका फुगवट्यावर, पण त्याच अंगाला.

टायर काढून रिम पाहिली. पट्टी 12 मिलिमीटरची, रिमचा तळ 19 चा. आऱ्याचं भोक 8 मिलिमीटर. पट्टी मधोमध असताना भोकाच्या दोन्ही बाजूंना 2 मिलिमीटर झाकण उरतं, आणि वर्षभर ते कसंबसं पुरलं. पण चाकाच्या साधारण एक चतुर्थांश भागात पट्टी एका कडेला सरकलेली होती. बरोबर त्या भागात, जिथे घट्ट टायर लिव्हरनं आत ढकलला होता. लिव्हरचं टोक खोल गेलं, पट्टीला लागलं, पट्टी सरकली. तिथल्या प्रत्येक भोकाची एक कड चंद्रकोरीसारखी उघडी पडली होती. यंत्रानं पाडलेल्या भोकाची अॅल्युमिनियमची कड चांगलीच धारदार असते, नखानं तपासली तर कळते.

त्यात दाबाची भर. 8 मिलिमीटर भोकाचं क्षेत्रफळ सुमारे अर्धा चौरस सेंटिमीटर. 115 पीएसआय म्हणजे जवळपास 8 बार, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 8 किलोचा जोर. हिशेब केला तर प्रत्येक भोकावर ट्यूब सुमारे चार किलोच्या जोरानं आत दाबली जाते, आणि तेही रात्रंदिवस, सायकल उभी असली तरी. त्यामुळेच ही दोन्ही पंक्चरं घरात झाली, रस्त्यावर नाही. जुन्या 90 पीएसआयवर तोच जोर तीन किलोच्या थोडा वर होता, आणि पट्टी जागेवर होती.

अशी ही साखळी: तार, तिच्यामुळे जाड टायर, त्यासाठी लिव्हर, लिव्हरमुळे सरकलेली पट्टी, वर वाढवलेली हवा. तार पहिल्याच दिवशी सापडली असती तर पट्टीचा दोष कदाचित आणखी वर्षभर झाकलेला राहिला असता. मला विचाराल तर तो बाहेर आला हे बरंच झालं. तीच फट पुढच्या चाकात, उतारावर, वेगात उघडी पडली असती तर प्रकरण पंक्चरवर थांबलं नसतं.

काय केलं

प्लास्टिकची पट्टी काढून चिकट कापडी रिमटेप लावली. रुंदी अशी निवडली की रिमचा तळ पूर्ण झाकला जाईल, पण टायरची कड बसते त्या खाचेवर ती चढणार नाही. लावायच्या आधी रिम कोरडी पुसून घेतली आणि टेप व्हॉल्वच्या समोरच्या बाजूपासून सुरू केली, म्हणजे तिचं जोडाचं टोक व्हॉल्वपाशी दुहेरी होऊन अडचण करत नाही. कापडी टेप चिकटलेली असते, लिव्हर लागला तरी सहसा सरकत नाही.

जुना टायर परत चढवला. तार काढलेली जागा तपासली, आतले धागे तुटलेले नव्हते. धागे तुटले असते तर टायर टाकावा लागला असता. आणि घट्ट टायर लिव्हरशिवाय चढवायचीही रीत आहे, ती ताईंना करून दाखवली: टायरच्या दोन्ही कडा सगळीकडून चिमटून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलायच्या, व्हॉल्वच्या समोरून सुरुवात करून शेवट व्हॉल्वपाशी करायचा. मधल्या भागात रिमचा व्यास कमी असतो, तिथे कड गेली की समोर तेवढी ढील मिळते. ताईंनी पहिल्याच प्रयत्नात अंगठ्यांनी चढवला.

हवेचा आकडा नव्यानं ठरवला. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नसते, हा गैरसमज मी अनुभवी स्वारांतही पाहतो. 62 किलोच्या स्वाराला 25 मिलिमीटरच्या टायरवर मागे 80-85 पीएसआय आणि पुढे त्याहून पाचेक कमी पुरतं. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, म्हणून हा फरक. ताईंचं पहिलं मत असं पडलं, की खडबडीत रस्त्यावर हात कमी दुखतात.

चारही ट्यूब जोडून घेतल्या. काचकागदानं घासून, सोल्यूशनचा पातळ थर लावून, त्याची चमक जाईपर्यंत थांबायचं आणि मगच ठिगळ दाबायचं. या थांबण्यातच लोकांची घाई होते आणि ठिगळ सुटतं. रिमच्या बाजूला पातळ झालेल्या दोन ट्यूब मात्र फक्त अडीअडचणीसाठी ठेवल्या.

मिळालेल्या सल्ल्यांविषयी

पंक्चर-रोधक टायर वाईट नाही. काचांच्या रस्त्यावर तो उपयोगीच आहे, चाक थोडं जड फिरतं एवढंच. पण इथे जुना टायर निर्दोष होता आणि नव्यानं आतल्या पट्टीवर काहीच उपाय केला नसता. तारही त्या थरातून कधी कधी जातेच.

ट्यूबलेसचा सल्ला मी गांभीर्यानं घेतो, कारण तारेचं इवलं भोक सीलंट, म्हणजे टायरमध्ये भरलेला चिकट द्रव, सहज बुजवतं. पण त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसचे हवेत, सीलंट काही महिन्यांत सुकतं म्हणून पुन्हा भरावं लागतं, आणि अरुंद टायरमध्ये दाब जास्त असल्यानं भोक बुजायच्या आधी बरंचसं सीलंट बाहेर उडतं. टायरची कड धरून ठेवणारा हुक नसलेल्या रिमवर तर 5 बारच्या वर, म्हणजे साधारण 72 पीएसआयच्या वर जाताच येत नाही. शिवाय ट्यूबलेसमध्ये रिमटेप हवाबंद लागते. ती नीट बसली नाही तर हवा आऱ्यांच्या भोकांतूनच निघून जाते. ताईंच्या रिमवरचा दोष तिथेही आडवा आलाच असता.

हवा कमी असल्याचा संशय मात्र ट्यूब पाहताच बाद करता आला असता. चारपैकी एकाही ट्यूबमध्ये जोडचिरा नव्हत्या.

आता ताईंच्या सीटखालच्या पिशवीत ट्यूब, ठिगळं आणि लिव्हर यांच्या जोडीला एक बारीक टोकाचा चिमटा आणि पेन आहे. काढलेल्या ट्यूबवर त्या तिथेच बाजू आणि अंतर लिहितात. त्या पुन्हा गटाबरोबर येऊ लागल्या आहेत.

पुढचं चाक एवढे दिवस का वाचलं हे बघायचं राहिलं होतं, म्हणून तेही उघडलं. तिथेही तीच 12 मिलिमीटरची पट्टी होती, पण मधोमध, कारण त्या टायरला कधी लिव्हर लागलाच नव्हता. ट्यूबवर फुगवटे मात्र उमटायला लागले होते, मागच्यासारखेच, ओळीनं. त्याच दुपारी तिथली पट्टीही बदलली.